आगाऊ मात्रा

आंघोळ अर्धी झाली आणि शरयूला पुढचा तांब्या उचलवेना. केसांत शाम्पू तसाच होता. हात मांडीवर टाकून ती स्टुलावर बसून राहिली. तशीच टॉवेल गुंडाळून बाहेर गेले तर काय बिघडेल, असा विचार तिनं बराच वेळ केला. मग तिनं ललितला हाक मारली. तो आला, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि तिच्या डोक्यावर पाणी घालू लागला.

"फार गरम नाही ना?"

उत्तर द्यायचं तिच्या मनात होतं, पण ते तोंडापर्यंत आणायचा शीण तिला झेपेना.

शरयू फिरके पशुवैद्य होती. आता गोठ्यागोठ्यातल्या म्हशींच्या गळ्यात ताप मोजणारे पट्टे आले होते, त्यांचे आकडे थेट फोनवर यायचे. तरी अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून रेडकू फिरवायचं काम माणसालाच करावं लागे. गिरणारे, मोहाडी, दिंडोरी या भागात अशा वेळी शरयूला बोलावणं यायचं. एका हिवाळ्यात तिच्या खोकल्यातून रक्त पडलं, आणि पाठोपाठ लघवीतूनही. रक्तवाहिन्यांचा दाह, असं निदान झालं. शरीराचं संरक्षण करणाऱ्या पेशी तिच्याच बारीक रक्तवाहिन्यांवर उलटल्या होत्या. स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रेनं ती वाचली. त्याची किंमतही तिनं मोजली. चेहरा गोल सुजला, हाडं ठिसूळ झाली, एका डोळ्यात मोतीबिंदू आला, साखर वाढली. दाह विझला तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "आता हे औषध उतरवायचं." शरयूला वाटलं, सुटले. खरा कस या उतारावर लागणार आहे हे तिला माहीत होतं, पण ते पुस्तकातून.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक लहानशी ग्रंथी असते. ती कॉर्टिसॉल तयार करते. सकाळी अंथरुणातून उठायला, ताप सोसायला, वाईट बातमी ऐकून उभं राहायला तेच लागतं. बाहेरून स्टिरॉइड येत राहिलं की मेंदू या ग्रंथींना हुकूम देणं थांबवतो, आणि त्या झोपी जातात, आक्रसतात. औषध कमी करत गेलं की त्यांना जागं व्हावं लागतं, आणि जाग यायला महिने लागतात, कधी वर्षही. तेवढ्या काळात माणूस थकतो. झोपून हा थकवा जात नाही. शिवाय या काळात मोठा धक्का बसला आणि ग्रंथी उठल्याच नाहीत, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

यासाठीच 'सोपान' आला होता. दंडाच्या आतल्या बाजूला चिकटवायची रुपयाएवढी चकती. तिच्या केसासारख्या सुया त्वचेखालच्या द्रवातलं कॉर्टिसॉल सतत मोजत, आणि कमी पडलं की चकतीतला पंप तेवढंच आत सोडी. एकेक पायरी उतरवत तो माणसाला औषधाविना जमिनीवर आणून सोडायचा. पुढच्या आवृत्तीत त्यात आगाऊ मात्रेची सोय आली. लांबचा प्रवास, दात काढणं, शस्त्रक्रिया असं काही ठरलेलं असलं की ते घरच्या माणसानं फोनवर नोंदवायचं. सोपान आधीच मात्रा चढवून ठेवी. त्या यादीत 'शोकवार्ता' हाही पर्याय होता. तो निवडला की शरीर ती बातमी कधी झेलू शकेल याचा अंदाज सोपान सांगे, आणि तोवर ती थोपवण्याचा सल्ला देई. घरचा माणूस म्हणून अर्थातच ललितचं नाव होतं. तो लिफ्टच्या देखभालीचं काम करायचा. यंत्रानं धोक्याचा दिवा लावला की चालत्या लिफ्टमधून माणसं उतरवायची, वाद घालायचा नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं.

दर दुपारी भुसावळहून कावेरीताईचा फोन यायचा. शरयूचे वडील हतनूर धरणावर नोकरीला होते, त्यांनी मुलींना नद्यांची नावं दिली होती. ताईनं तीच चाल पुढं चालवून आपल्या मुलीचं नाव रेवा ठेवलं. आई लवकर गेली तेव्हा शरयू शाळेत होती. तिची वेणी घालण्यापासून पशुवैद्यकीयच्या प्रवेशासाठी वडिलांशी भांडण्यापर्यंत सगळं ताईनं केलं. ताईचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. ताईला बोलायला आवडायचं. बामणोदची वांगी यंदा कशी आली, शेजारच्या सरोदेबाईंनी भरितात तेल किती ओतलं, रेवाला पुण्यातली नोकरी का आवडत नाही, सगळं.

अलीकडे मात्र शरयूला ते ऐकणंही जड जाई.

"ताई, जीभ उचलत नाही गं. उद्या बोलू."

"तू नको बोलूस. फोन नुसता कानाशी धर, मी बोलते."

"कानही दमतात, ताई."

ताई हसली. "बरं बाई. झोप. मला एक सांगायचं होतं तुला, पण राहू दे. बारीकसं आहे."

शरयूनं काय म्हणून विचारलं नाही. फोन उशीवर ठेवून तिनं डोळे मिटले.

बारीकसं म्हणजे ताईला पंधरवड्यापासून अन्न जात नव्हतं आणि डोळे पिवळे झाले होते.

रेवाचा फोन ललितला आला तेव्हा तो एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनघरात होता. "काका, आईला जळगावला अॅडमिट केलंय. स्वादुपिंडात गाठ आहे. पसरलीय म्हणतात." तिचा आवाज अगदी कोरडा होता. "मावशीला कसं सांगायचं?"

"मी येतो आधी," ललित म्हणाला.

मालेगावला काम निघालंय असं शरयूला सांगून तो जळगावला गेला. ताई हळदीसारखी पिवळी पडली होती, पण बोलणं तेच होतं.

"तिला काही सांगू नका, ललितराव. औषध उतरतंय ना तिचं? उतरू द्या. मी काय पळून चाललेय?"

ललितला बरं वाटलं. त्याच्या मनात जे होतं तेच ताई म्हणाली होती.

दुसऱ्यांदा गेला तेव्हा ताईला उशीवरून डोकं उचलता येत नव्हतं. तिनं त्याचं मनगट धरलं. "शरयूला आणा आता."

"पुढच्या आठवड्यात आणतो, ताई."

"नक्की?"

"नक्की."

बाहेरच्या बाकावर बसून त्यानं फोनवर 'शोकवार्ता' निवडलं. उत्तर लाल अक्षरांत आलं. आत्ता सांगितलं तर मात्रा पार वर न्यावी लागेल, आतापर्यंतचा सगळा उतार वाया जाईल. नाही नेली तर जिवाला धोका. पुढची पायरी स्थिर होईपर्यंत बातमी थोपवावी. त्यानं नाशिकला डॉ. शहनाज इनामदारांना फोन लावला. गेली तीन वर्षं शरयू त्यांच्याच उपचाराखाली होती.

"आणायचं तर आणता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "मात्रा वाढवू आणि नंतर पुन्हा वरून सुरुवात करू. हाडांचा आणि डोळ्याचा विचार करता ते चांगलं नाही, पण अशक्यही नाही. तुम्ही दोघांनी मिळून ठरवा."

दोघांनी मिळून, हे ललितनं ऐकलं. पण शरयूला विचारायचं म्हणजे सांगणंच आलं. आणि तिचं एक वाक्य त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. काही दिवसांपूर्वी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून ती रडत म्हणाली होती, "पुन्हा वर चढायला लावलं ना मला, तर मी नाही उतरणार, ललित. एवढं पुन्हा नाही होणार माझ्याच्यानं."

एक आठवडा, त्यानं ठरवलं. ताई एक आठवडा नक्की काढेल.

ताई पाचव्या दिवशी गेली. ललित भुसावळला जाऊन खांदा देऊन आला. तिथंच आंघोळ केली, कपडे बदलले, आणि येताना शरयूसाठी पेरू घेतले. रेवा त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"ताईचा फोन नाही आला?" शरयूनं पडल्या पडल्या विचारलं.

"आला होता. तू झोपली होतीस."

दुसऱ्या दिवशीही ती झोपलेलीच होती. तिसऱ्याही. मग त्यानं सांगितलं की ताई थोडे दिवस रेवाकडं राहायला गेलीय, तिथं घर लावण्यात गुंतलीय. शरयूनं ते खरं मानलं. दिवसातून इतक्यांदा तिचा डोळा लागायचा की फोन येऊन गेला असेल यात नवल नव्हतं. आपण झोपलेलो असतो याची तिला लाज वाटायची. आणि बोलावं लागलं नाही म्हणून हायसंही वाटायचं. बरी झाले की पुण्याला जाईन, ताईला दिवसभर बोलू देईन, असं ती स्वतःशी म्हणायची आणि कूस बदलायची.

ललित तिच्या पाठीकडं बघत बसायचा. त्याचं वजन उतरलं. शेजारी म्हणत, बायकोची सेवा करून खंगला.

पायरी स्थिर झाल्याचं सोपाननं एका रविवारी सकाळी कळवलं. आगाऊ मात्रा सोडायला परवानगी मागितली. ललितनं ती दिली, आणि रेवाला यायला सांगितलं.

शरयूला जाग आली तेव्हा काहीतरी वेगळं होतं. ती उठून बसली, आणि आपण उठून बसलो हे तिच्या बसल्यानंतर लक्षात आलं. पाय खाली टाकले. ते तिचे वाटले. खिडकीतून समोरच्या शेवग्याला लागलेल्या शेंगा दिसत होत्या, त्या तिनं कित्येक दिवसांत पाहिल्याच नव्हत्या. तिनं स्वतःच्या हातानं आंघोळ केली, केस धुतले, पुसले. ओट्याशी उभं राहून कांदा चिरला, ज्वारीचं पीठ परातीत घेतलं, तीळ टाकले आणि धपाटे थापायला लागली. तव्यावर पहिला धपाटा पडला तेव्हा ती गुणगुणत होती.

ललित स्वयंपाकघराच्या दारात आला.

"ललित, अरे बघ! उतरलं वाटतं. संपलं!" तिचे डोळे चमकत होते. "हात बघ माझे. कापत नाहीत. उद्या गिरणाऱ्याला जाऊन येऊ या का? नुसतं बसेन गोठ्यात. आणि आज ताईला फोन करते. तिचं सगळं ऐकून घेते, कितीही बोलू दे."

त्यानं पुढं होऊन गॅस बंद केला.

"अरे, करपेल तो."

दाराची बेल वाजली. ललित जागचा हलला नाही, तेव्हा शरयूच पिठाचे हात पुसत गेली. दारात रेवा होती, पाठीला बॅग लावलेली.

"रेवा! अगं, न सांगता? ताई कुठाय, खाली आहे? जिना चढवेल ना तिला?"

रेवानं मावशीच्या खांद्यावरून ललितकडं पाहिलं. "तू अजून सांगितलं नाहीस, काका?"

मग ललितनं सांगितलं. उभ्याउभ्याच, सगळं, आजाराच्या पहिल्या फोनपासून. शरयू भिंतीला टेकून ऐकत होती. ती पडली नाही. तिला घेरी आली नाही. नाडी जराशी वाढली आणि पुन्हा जागेवर आली. छातीत काहीतरी फुटायला हवं होतं, ते फुटेना. ती शांतपणे विचार करू शकत होती, आणि डॉक्टर असल्यामुळं तिचा विचार सरळ दंडाकडं गेला.

"मात्रा किती वाजता दिलीस?"

"पहाटे."

"म्हणजे सकाळपासून मला जे वाटत होतं..."

"हो. ती मात्रा होती."

"मी गाणं म्हणत होते, ललित. ताईच्या मरणासाठी दिलेल्या ताकदीवर मी धपाटे थापत होते."

"तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं? तूच म्हणाली होतीस, पुन्हा वर चढवू नकोस."

"म्हणाले होते. पण तिनं मला बोलावलं होतं. मला विचारायला हवं होतंस. ताई हवी का हाडं हवीत, मला विचारायचंस!" तिचा आवाज चढला नाही, त्यामुळं तो ऐकवत नव्हता. "जनावराला सुई टोचायच्या आधी मी त्याच्या पाठीवर हात ठेवते. त्याला काही कळत नाही, तरी ठेवते. तू तेवढंसुद्धा केलं नाहीस."

आणि ललित पुढं यायच्या आत तिनं दंडावरची चकती नखानं उचकटून ओढून काढली. सुया निघाल्या तिथं रक्ताचे बारीक थेंब आले. ती काय करतेय हे तिला त्या घरात सगळ्यांत चांगलं माहीत होतं.

"हे लाव, शरयू. मला हवं ते बोल, पण हे लाव."

"नाही."

दवाखान्यात जायला ती तयार झाली, ते रेवानं हात जोडले म्हणून. चकती मात्र तिनं लावून घेतली नाही. डॉ. इनामदारांनी वाद घातला नाही. सलाईनची नळी लावून ठेवली, पलंगाशी इंजेक्शन भरून ठेवलं आणि रक्तदाबावर नजर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी, आगाऊ मात्रेचा अंश शरीरातून निघून गेल्यावर, त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. निकाल पाहून त्या खुर्ची ओढून शरयूजवळ बसल्या. ललित पायथ्याशी उभा होता.

"तुमच्या ग्रंथी जाग्या आहेत. पुरेसं कॉर्टिसॉल तुमचं तुम्हीच तयार करताय."

"कधीपासून?"

"ते नाही सांगता येणार. सोपान एकूण पातळी मोजतो. त्यातलं त्यानं दिलेलं किती आणि तुमचं किती, हे त्याला वेगळं काढता येत नाही. गरज पडायच्या आधीच तो देत गेला. तुमच्या ग्रंथींना कधी काम पडलंच नाही, मग त्या काय करू शकतात हे कळणार कसं?"

"ताई आजारी होती तेव्हा जाग्या असतील?"

"असतील. नसतीलही. नसत्या आणि मात्रा न वाढवता तेव्हा ती बातमी ऐकली असती, तर तुम्ही आज इथं नसता. मी खोटं नाही सांगणार, डॉक्टर, मला माहीत नाही."

ललित खोलीच्या बाहेर गेला. भिंतीकडं तोंड करून तो रडतोय हे दाराच्या काचेतून दिसत होतं. शरयूनं ते पाहिलं आणि मान वळवली.

"थकवा?" तिनं विचारलं.

"तो राहील अजून. ग्रंथी जागी झाली म्हणजे शरीर लगेच पूर्ववत होत नाही. काही महिने तरी. चकतीशिवाय राहायचं तर आपत्कालीन इंजेक्शन कायम जवळ ठेवायचं, आणि ते द्यायला येणारं माणूसही."

शरयू भुसावळला जायला निघाली तेव्हा गाडी ललितच चालवत होता. दुसरं कोणी इंजेक्शन द्यायला शिकलेलं नव्हतं, एवढंच कारण तिनं त्याला सांगितलं. ती मागच्या सीटवर रेवाच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. चांदवडच्या घाटापर्यंतच तिचं अंग शिसं झालं. ललितनं दोनदा गाडी थांबवली, पाण्याची बाटली मागं दिली. ती तिनं रेवाच्या हातून घेतली.

ताईच्या घराला चार पायऱ्या होत्या. शरयू दुसरीवर बसली. अंगणात सरोदेबाई येऊन उभ्या राहिल्या, पदर डोळ्यांना लावला आणि परत गेल्या. बऱ्याच वेळानं रेवानं तिला काखेत हात घालून उठवलं आणि आतल्या खोलीत, ताईच्या पलंगावर नेऊन निजवलं. उशीचा अभ्रा धुतलेला होता. त्याला नुसता साबणाचा वास येत होता.

तिथं ते आलं. आधी दात वाजायला लागले, मग खांदे, मग सगळं अंग हलायला लागलं. तोंडातून जो आवाज निघाला तो तिनं आजवर फक्त गोठ्यात ऐकला होता. छाती धडधडत होती, कपाळावर घाम फुटला, हात गार पडले. ललित दारात आला. त्याच्या हातात इंजेक्शनची डबी उघडी होती.

"देऊ का? शरयू, रंग उतरलाय तुझा. देऊ का?"

"नको." तिला श्वास पुरत नव्हता. "आत येऊ नकोस. जाऊही नकोस. तिथंच थांब."

तो उंबऱ्याशी उभा राहिला.

रेवा पलंगावर चढून तिच्या पाठीशी आडवी झाली आणि तिला घट्ट धरून राहिली. हुंदके हळूहळू लांबले. शरयूला हात हलवता येत नव्हता, डोळेही नीट उघडत नव्हते, पण हृदय चालू होतं, आपलं आपण.

"सांग मला," ती म्हणाली. "सगळं सांग. काही गाळू नकोस."

"आत्ता? तू दमलीयस, मावशी."

"आत्ता."

रेवा बोलू लागली. ताई आधी चिडली होती. मग तिनं रोज विचारायला सुरुवात केली, आली का, आली का. मग विचारायची थांबली. दुखणं फार वाढलं तेव्हा मॉर्फिन सुरू केलं, आणि मग तिला माणसं नीट ओळखू येईनात.

"शेवटचे दोन दिवस ती मलाच शरयू म्हणत होती," रेवा म्हणाली. "आधी मी सांगायचे, आई, मी रेवा. मग नाही सांगितलं. हो म्हणत गेले."

दारात ललितनं चौकट धरली.

शरयूनं विचारलं, "मी काय बोलले तिच्याशी?"

रेवानं तिच्या केसांत तोंड खुपसलं.

"फार नाही बोललीस. म्हणालीस, उशीर झाला गं ताई, पण आलेय. तर ती म्हणाली, आलीस ना, मग बस आता. आणि तू बसलीस."